विद्यापीठाचा उंबरठा : भिवंडी आणि मुंबई विद्यापीठ

१

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा विद्यापीठाच्या वास्तूपासून आरंभ करण्याची पद्धत आहे. कायदा केव्हा संमत झाला, देणग्या कोणी दिल्या, कोणते विभाग केव्हा निघाले, ह्या क्रमाने वृत्तांत पुढे सरकतो. विद्यार्थी त्यात उत्तीर्णांच्या संख्येच्या रूपाने तेवढा येतो. हा क्रम अयोग्य आहे असे नाही. परंतु त्यात एक प्रश्न निसटून जातो. विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचण्यास विद्यार्थ्याला एकंदर काय मोल पडले, आणि जे दारापर्यंत आलेच नाहीत ते कोणत्या टप्प्यावर थांबले, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर विद्यापीठाच्या परिसरात उभे राहून मिळत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या क्षेत्रातीलच, पण त्याच्या परिसरापासून दूर असलेल्या एखाद्या गावातून विद्यापीठाकडे पाहावे लागते.

प्रस्तुत लेखासाठी असे गाव म्हणून भिवंडीची निवड केली आहे. ठाणे जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण मुंबईच्या कोटविभागापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या आणि ४ सप्टेंबर १९९६ पासून मुंबई विद्यापीठ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या इतिहासात ह्या गावाचा उल्लेख क्वचितच येतो. तरीही प्रवेश, व्यय आणि विद्यार्थिजीवन ह्या तिन्ही बाबतींत विद्यापीठाने काय दिले व काय राखून ठेवले, हे भिवंडीच्या निमित्ताने जितके स्पष्ट दिसते तितके मुंबईत राहून दिसत नाही. विद्यापीठाच्या संलग्नतामूलक रचनेने भिवंडीच्या विद्यार्थ्यास दार उघडून दिले, आणि त्याच रचनेने त्याला उंबरठ्यावर थांबवूनही ठेवले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

सन १८५४ च्या वुड ह्यांच्या शैक्षणिक खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी अस्तित्वात आला. ह्या तिन्ही विद्यापीठांपुढे आदर्श होता तो त्या काळच्या लंडन विद्यापीठाचा. शिकविणे हे महाविद्यालयांचे काम आणि परीक्षा घेऊन पदवी देणे हे विद्यापीठाचे काम, अशी ती विभागणी होती. प्रारंभी विद्यापीठास स्वतःची इमारतही नव्हती. त्याचे कामकाज मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये चाले. सर कावसजी जहांगीर ह्यांच्या देणगीतून उभे राहिलेले पदवीदान-सभागृह १८७४ मध्ये, आणि प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगीतून उभारलेले ग्रंथालय व राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे पहिली दोन दशके हे विद्यापीठ मुख्यतः एक कायदा, एक सभा आणि एक परीक्षा ह्या स्वरूपातच नांदत होते.

प्रवेशाचे दार म्हणजे प्रवेशपरीक्षा, ऊर्फ मॅट्रिक. ती पहिल्यांदा १८५९ मध्ये घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, आणि १८६२ मध्ये बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक ह्यांच्यासह विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर ठरले. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाच्या हाती असल्यामुळे माध्यमिक शाळांचा अभ्यासक्रमही प्रत्यक्षात विद्यापीठच ठरवीत असे. ही सत्ता सुमारे नव्वद वर्षे टिकली. १९४८ च्या कायद्याने माध्यमिक शालान्त परीक्षेचे स्वतंत्र मंडळ निर्माण झाले, आणि विद्यापीठाच्या दाराची किल्ली दुसऱ्या संस्थेकडे गेली.

ह्या रचनेचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. विद्यापीठ जेथे आहे तेथे विद्यार्थ्याने राहिलेच पाहिजे, अशी अट त्या रचनेत नव्हती. तत्त्वतः कोणत्याही गावी महाविद्यालय निघू शकत होते आणि तेथील विद्यार्थी मुंबईचा पदवीधर होऊ शकत होता. पुण्याचे डेक्कन कॉलेज हे त्याचे आरंभीचे उदाहरण होय. भिवंडीस मात्र ह्या तत्त्वाचा लाभ मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

३

एकोणिसाव्या शतकातील भिवंडी हे खाडीकाठचे व्यापारी गाव होते. भात, लाकूड व गवत ह्यांची ने-आण आणि हातमागावरील कापड हे तेथील उद्योग. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी, कोळी व आदिवासी हे पूर्वीपासूनचे रहिवासी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. परंतु तो भिवंडीस टाळून गेला. एका बाजूस ठाणे व दुसऱ्या बाजूस कल्याण अशी दोन स्थानके जवळ, आणि दोहोंच्या आड खाडी, अशी ह्या गावाची स्थिती झाली. कल्याण तर अवघ्या दहाबारा किलोमीटरांवर. तरी लोहमार्गाने मुंबईस एका दिवसाच्या आटोक्यात आणलेल्या पट्ट्यात भिवंडी पुरतेपणी आली नाही. विद्यापीठ आणि लोहमार्ग ही दोन्ही एकाच दशकाची अपत्ये आहेत. ज्या गावास एक लाभले नाही त्यास दुसरेही उशिराच लाभले, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

त्या काळच्या उच्च शिक्षणाचा व्यय कोण सोशीत होते? रानडे व भांडारकर ह्यांना दक्षिणा फंडातून फेलोशिप मिळाली होती. पेशवाईतील रमण्याच्या दक्षिणेचे ते रूपांतर होते. म्हणजे जुन्या राज्यातील विद्वानांच्या पोषणाचा पैसा नव्या विद्यापीठाच्या विद्वानांकडे वळविण्यात आला. परंतु तो पोहोचला तो बहुतांशी पूर्वीच ज्या वर्गाकडे विद्या होती त्याच वर्गाकडे. ह्या विसंगतीवर महात्मा जोतीराव फुले ह्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात नेमके बोट ठेवले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरीत येणारा सारा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि सारा देणाऱ्याच्या मुलास प्राथमिक शिक्षणही मिळत नाही, हा त्या निवेदनाचा गाभा होय.

त्याच निवेदनातील दुसऱ्या एका मागणीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांस विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस बसू द्यावयास आरंभ केला आहे. तीच सवलत वरच्या परीक्षांसही लागू करावी, म्हणजे अनेक तरुण घरी राहून पदवीचा अभ्यास करतील, असे फुले ह्यांनी सुचविले होते. ह्या सूचनेमागील तर्क साधा आणि अचूक होता. विद्यापीठ जर केवळ परीक्षा घेणारे असेल, तर परीक्षार्थीने महाविद्यालयाच्या शहरात राहण्याचा खर्च का सोसावा? संलग्नतेच्या तत्त्वाचा तार्किक शेवट फुले ह्यांना १८८२ मध्येच दिसला होता. विद्यापीठाने मात्र त्या शेवटापर्यंत जाण्यास बराच काळ घेतला. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण संचालनालय १९७१ मध्ये सुरू झाले.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील महाविद्यालये कोटविभागातून उत्तरेकडे सरकू लागली. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ महाविद्यालय १९३० मध्ये निघाले. सर महंमद युसुफ इस्माईल ह्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ह्या संस्थेत अरबी, फारसी व उर्दू ह्यांच्या अध्ययनाची सोय होती. माटुंग्याचे रुईया व खालसा ही महाविद्यालये १९३७ ची. लोहमार्गाने येणाऱ्या उपनगरी विद्यार्थ्यास हे स्थलांतर उपकारक ठरले. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरू लागले. विद्यार्थ्याचा वेळ ही एक किंमत आहे, ती कमी करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, ही गोष्ट येथे प्रथमच वेळापत्रकात उतरली. स्वतः डॉ. आंबेडकर ह्यांचे मुंबई विद्यापीठातील शिक्षण बडोदे सरकारच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर झाले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या वेळापत्रकाचा अर्थ अधिक उलगडतो.

शासनाच्या बाजूनेही ह्याच सुमारास दोन महत्त्वाच्या योजना आल्या. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू लागली. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या पाल्यांस शिक्षणशुल्क माफ करण्याची योजना, म्हणजे सर्वपरिचित ई.बी.सी. सवलत, अमलात आली. बाराशे रुपयांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ही तिची लोकस्मृतीत राहिलेली खूण. ह्या दोन योजनांतील भेद मूलभूत आहे. ई.बी.सी. सवलतीने शुल्क माफ केले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीने शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही दिला. शिकणाऱ्या तरुणास जेवावे लागते, प्रवास करावा लागतो आणि त्याच्या न मिळालेल्या मजुरीची झळ घरास पोहोचते, ही जाणीव दुसऱ्या योजनेत अंतर्भूत आहे. पहिलीत ती नाही.

भिवंडीच्या दृष्टीने हा भेद निर्णायक होता. तेथील विद्यार्थ्यास पहाटे एस.टी.ने कल्याण किंवा ठाणे गाठून पुढे लोकलने दादर अथवा त्याहून पुढे जावयाचे, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत यावयाचे. शुल्क माफ झाले तरी ह्या प्रवासातील तास माफ होत नव्हते. सवलतीच्या पासाने भाडे उतरे; दिवस उतरत नसे. ज्या घरी मुलाच्या हाताला काम आहे आणि त्या कामाचे पैसे आठवड्यास हाती येतात, त्या घराने हा दिवस कसा द्यावा?

५

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले ते १९६६ मध्ये. त्या वर्षी भिवंडीत भिवंडी-निजामपूर नगरपालिका महाविद्यालय, संक्षेपाने बी.एन.एन. महाविद्यालय, सुरू झाले. पद्मश्री अण्णासाहेब जाधव ह्यांचे नाव ज्या भारतीय समाज उन्नती मंडळाशी जोडलेले आहे, ते मंडळ हे महाविद्यालय चालविते. त्याच्या नावातच नगरपालिका आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मुंबईच्या आद्य संस्थांवर शेठ-सावकारांची व गव्हर्नरांची नावे कोरलेली आहेत. येथे गावाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेचे नाव आहे. पाठोपाठ १९६९ मध्ये ठाण्यास विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये आणि १९७२ मध्ये कल्याणास बिर्ला महाविद्यालय निघाले. अवघ्या सहा वर्षांत भिवंडीच्या विद्यार्थ्यास तिन्ही दिशांनी पदवीचे शिक्षण आटोक्यात आले.

शुल्कात झालेल्या कोणत्याही कपातीपेक्षा ह्या घटनेचे महत्त्व अधिक आहे. पूर्वी ज्याला दिवस द्यावा लागे त्याला आता अर्धा दिवस द्यावा लागू लागला. वाडा, शहापूर ह्या शेजारच्या तालुक्यांतील खेड्यांतून येणाऱ्यांसही भिवंडी हे जवळचे केंद्र झाले. मुलींच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. मुंबई विद्यापीठाने मुलींस पदवी-परीक्षांचे दार १८८० च्या दशकात उघडले, आणि कॉर्नेलिया सोराबजी त्याच दशकात पदवीधर झाल्या. परंतु नियमातील दार आणि घरातील दार ह्यांत अंतर असते. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीने रईस हायस्कूलच्या आवारात १९८९ मध्ये जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय काढले, तेव्हा भिवंडीतील अनेक कुटुंबांसाठी हे अंतर मिटले. लोकलने मुंबईस जाण्याची परवानगी ज्या मुलीस मिळाली नसती, तिला ठाणे रस्त्यावरील महाविद्यालयात जाण्याची मिळू शकत होती. ह्या दोन तारखांमध्ये सुमारे एक शतक गेले आहे.

६

ह्या काळात भिवंडीचे रूपही पालटले. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर मुंबईचे कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर येथे आले आणि भिवंडी हे देशातील यंत्रमागाचे एक प्रमुख केंद्र बनले. उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगण येथून कामगार आले. तेलुगू भाषिक पद्मशाली विणकरांची वस्ती पद्मनगरास वसली. बारा बारा तासांची पाळी, मीटरमागे मजुरी, घरोघरी कांड्या भरण्याचे काम, आणि रात्रंदिवस मागांचा खडखडाट हे ह्या गावाचे जीवनमान झाले.

अशा गावातील विद्यार्थिजीवन मुंबईच्या वसतिगृहातील विद्यार्थिजीवनाहून वेगळे असणार हे उघड आहे. वादविवादमंडळ, नाट्यस्पर्धा, जिमखाना, संध्याकाळचे ग्रंथालय ह्यांनी जे घडते ते विद्यार्थिजीवन, अशी आपली रूढ कल्पना. यंत्रमागाच्या गावात विद्यार्थी सकाळचे तास संपवून कामावर जातो, अथवा रात्रपाळी करून तासाला येतो. शांतता ही तेथे विकत घ्यावी लागणारी वस्तू आहे. शिवाय मे १९७० आणि मे १९८४ ह्या दोन वेळच्या भीषण दंगलींनी ह्या गावाचे जीवन मुळापासून हादरले. मे महिना हा परीक्षांच्या आणि प्रवेशांच्या तयारीचा. संचारबंदी, जळालेली घरे आणि गावातून झालेले स्थलांतर ह्यांचा लेखाजोखा शिक्षणाच्या इतिहासातही मांडला गेला पाहिजे.

भाषेचा प्रश्नही येथे अधिक तीव्र आहे. विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून रानडे ह्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केला, आणि १९०१ मध्ये एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा समावेश झाला. पदवी-शिक्षणाचे मुख्य माध्यम मात्र, विशेषतः विज्ञान व वाणिज्य शाखांत, इंग्रजीच राहिले. भिवंडीतील विद्यार्थी मराठी, उर्दू, हिंदी किंवा तेलुगू बोलत शाळेतून बाहेर पडतो. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी त्याला विषयाबरोबर भाषाही शिकावी लागते. ह्या दुहेरी श्रमाचे शुल्क कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते.

७

आता उंबरठ्याची दुसरी बाजू पाहू. मुंबई विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारे राहिले नाही. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस अध्यापन व संशोधन करण्याची मुभा मिळाली; १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस ह्यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले, आणि १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. पुढे बहुतेक विभाग कलिना येथील विद्यानगरीत एकत्र आले. म्हणजे एकाच विद्यापीठाच्या पोटात दोन विद्यापीठे झाली. एक, शेकडो महाविद्यालयांवर पसरलेले, पदवी देणारे. दुसरे, एका परिसरात वसलेले, संशोधन करणारे. भिवंडीचा विद्यार्थी पहिल्याचा सदस्य आहे. दुसऱ्याचे नाव त्याच्या पदवीपत्रावर असते, पण त्याच्या ग्रंथालयाचा, प्रयोगशाळेचा आणि प्राध्यापकांच्या सहवासाचा लाभ त्यास क्वचितच होतो.

रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. त्याच्या आरंभीच्या विषयांत वस्त्ररसायन हा विषय होता. मुंबईच्या गिरण्यांच्या गरजेतून तो आला. २००८ मध्ये ही संस्था अभिमत विद्यापीठ म्हणून स्वतंत्र झाली. पन्नास किलोमीटरांच्या आत लक्षावधी यंत्रमाग मुख्यतः कोरे, प्रक्रिया न केलेले कापड विणीत होते, आणि त्या कापडावर काय करावे ह्याचे शास्त्र माटुंग्यास शिकविले जात होते. मागवाल्याच्या मुलाने ती वाट चालावी, अशी योजना विद्यापीठाच्या रचनेत कोठेही नव्हती. प्रवेश गुणांनुसार सर्वांस खुला होता, हे खरे. परंतु खुले दार आणि दारापर्यंतची वाट ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

केंद्रीभूत परीक्षेचा भारही कडेच्या विद्यार्थ्यावर अधिक पडतो. २०१७ च्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचे काम रखडले, निकाल लांबले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंस पदावरून दूर करण्यात आले. ज्याच्या घरी पुढील शिक्षणासाठी वर्षभर थांबण्याची ऐपत आहे त्याने तो विलंब सोसला. ज्याची नोकरी निकालाच्या कागदावर अवलंबून होती, त्यास कलिनापर्यंतच्या प्रत्येक फेरीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागे. प्रवेशाच्या बाबतीत संगणकाने काही अंतर निश्चित कमी केले: २००९ पासून मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होऊ लागले आणि अर्जासाठी महाविद्यालयोमहाविद्यालयी फिरणे थांबले. अर्ज जवळ आला. वर्ग, ग्रंथालय व प्रयोगशाळा होत्या तेथेच राहिल्या.

८

ह्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की विद्यापीठीय शिक्षणाच्या व्ययात शुल्क हा सर्वांत दृश्य आणि पुष्कळदा सर्वांत लहान घटक असतो. वेळ, प्रवास, बुडालेली मजुरी, भाषेचे श्रम आणि घराची परवानगी हे उरलेले घटक होत. शुल्कमाफीच्या योजनांनी पहिल्या घटकास स्पर्श केला. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला; तोही स्वागतार्ह आणि त्याच परंपरेतील आहे.

दुसरा निष्कर्ष असा, की भिवंडीपुरते पाहता प्रवेशाचा विस्तार प्रत्येक वेळी संस्था विद्यार्थ्याकडे सरकल्याने झाला: १९४६ चे सकाळचे वर्ग, १९६६ चे गावातील महाविद्यालय, १९७१ चे पत्रद्वारा शिक्षण, १९८९ चे महिला महाविद्यालय. ह्यांतील एकही पाऊल विद्यापीठाच्या मुख्य वास्तूत पडलेले नाही. प्रत्येक पाऊल बाहेरून अथवा कडेने पडले.

तिसरा निष्कर्ष आपल्या विद्यापीठीय विभागांना उद्देशून आहे. पदवीचे शिक्षण भिवंडीस गेले. संशोधन अद्यापि पुरतेपणी गेलेले नाही. भिवंडीहून कशेळीचा पूल ओलांडताच लागणाऱ्या बाळकुम येथे विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर आहे, आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. खाडीचे अंतर ह्या साधनांनी कमी होत आहे. परंतु यंत्रमागाचे अर्थशास्त्र, बहुभाषिक वर्गातील अध्यापन, स्थलांतरित कुटुंबांचे समाजशास्त्र हे विषय ज्या गावात रस्त्यावर उभे आहेत, तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्यांच्या अभ्यासासाठी कलिना गाठावे, हा क्रम उलटला पाहिजे. महाविद्यालयांच्या प्रवेशनोंदवह्या, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, नगरपालिकेचे ठराव आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी ही अशा अभ्यासाची साधने होत. त्यांतील कागद जीर्ण होण्यापूर्वी व माणसे वृद्ध होण्यापूर्वी ते काम हाती घ्यावयास हवे, आणि ते भिवंडीतच बसून करण्यासारखे आहे.